सर्व प्रवासी सुखरूप आणि माझा मणका

आमचं विमान धावपट्टी सोडून बाजूच्या मातीत गेलं, त्या दिवशी सगळ्या बातम्यांच्या खालच्या पट्टीवर एकच ओळ फिरत होती : सर्व प्रवासी सुखरूप. ओळ खोटी नव्हती. कुणी दगावलं नाही, आग लागली नाही. मी स्वतःच्या पायांनी चालत विमानतळाच्या इमारतीपर्यंत आले, तिथे दिलेला चहा प्याले आणि दुसऱ्या दिवशी सांगलीत माझ्या ओट्यापाशी उभी राहून कुकर लावला. तेव्हा माझ्या पाठीचा एक मणका पिचलेला होता. मला ते माहीत नव्हतं.

अपघातातून चालत बाहेर पडलेल्या माणसाला सगळे नशीबवान म्हणतात. नशीबवान माणसाला मग ‘दुखतंय’ म्हणायचा संकोच वाटतो. मला वाटला. माझ्यासारखं कुणी असेल तर त्याने तो करू नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

मी मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे. खो-खो शिकवते. स्वतः खेळले ते जिल्ह्यापर्यंतच, पण माझ्या शाळेतल्या मुली राज्यापर्यंत गेल्या आहेत. माझे पती प्रकाश यांचं माधवनगरला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. सासर कोरेगावजवळच्या खेड्यात. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या गावी थोरल्या दिरांकडे असतात. बाई कष्टाची, तब्येतीने काटक आणि तोंडाने फटकळ. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी माझ्या पहिल्या भाकरीकडे बघून विचारलं होतं, “ही खायाची हाय का फेकून मारायची?”

विमानात

माझी नणंद मंगल आसामात असते. तिचे मालक सैन्यात आहेत. उशिरा मूल झालं, त्याच्या बारशाला मी आणि आत्या गेलो होतो. प्रकाशना दुकान सोडता येत नव्हतं. आगगाडीने आत्यांचे हाल होतील म्हणून प्रकाशनीच हट्टाने विमानाची तिकिटं काढली.

परतीच्या विमानात आत्या खिडकीशी, मी मधे आणि कडेला इस्लामपूरकडचे एक निवृत्त शिक्षक, कदम गुरुजी. मुलीकडे जाऊन परत निघाले होते. विमान खाली येत होतं तेव्हा आत्या त्यांना माझ्या डोक्यावरून मंगलच्या बाळाचं नाक कसं आमच्या घराण्याचं आहे ते सांगत होत्या.

चाकं टेकली ती आपटलीच. विमान पुन्हा उचललं गेलं आणि दुसऱ्यांदा त्याहून जोरात आदळलं. त्या वेळी पाठीतून कळ गेली, एवढं मला पक्कं आठवतं. मग खरवडल्याचा आवाज. रिकामं पिंप डांबरी रस्त्यावरून फरफटत न्यावं तसा, पण कितीतरी मोठा. उजवं चाक मोडलं होतं, हे नंतर कळलं; आम्ही सगळे उजवीकडे कललो. खिडकीबाहेर माती उडाली आणि सगळं थांबलं.

मी घाबरले नव्हते. हे शौर्य म्हणून सांगत नाही. भीतीला वेळच मिळाला नाही. मी आत्यांचा पट्टा सोडवला. त्या पिशवी सोडायला तयार नव्हत्या. बाळाच्या आजोळच्या माणसांसाठी मंगलने दिलेलं काहीबाही त्यात होतं. विमानातल्या गणवेशातल्या मुलीने पिशवी सरळ हिसकावून सीटवर टाकली. दारातून हवेने फुगवलेली घसरगुंडी खाली सोडलेली होती. गुरुजी पुढे गेले, त्यांच्या मागून मी. खाली पोचून मी उठतच होते, तेवढ्यात आत्या वरून थेट माझ्या पाठीवर येऊन आदळल्या.

“आगं बया! लागलं का गं?”

“नाही आत्या. उठा, चला.”

आणि आम्ही चालू लागलो. आत्यांच्या चपला वरच राहिल्या होत्या. त्या अनवाणी आणि मी कोपरं सोललेली, एवढंच काय ते नुकसान असं मला वाटलं. इमारतीत बसवल्यावर गुरुजींनी प्रकाशचा फोन नंबर घेतला. “एका जन्मात दुसरा जन्म झालाय आपला, ओळख ठेवूया,” म्हणाले.

नशीबवान

घरी माणसांची रीघ लागली. आत्या हॉलमध्ये बसून सगळ्यांना विमानाची गोष्ट सांगायच्या. सांगायच्या छान. “आन् मग म्या बसले त्या रबराच्या घसरगुंडीवर. या वयात! आन् गेले ती थेट सुनंच्या बोकांडी!” लोक हसायचे. मीही हसायचे. हसताना पाठीत चमक यायची.

खेळाच्या माणसाला दुखण्याची सवय असते, हा माझा तोटा झाला. स्नायू ओढला गेला असेल असं मीच ठरवलं, मीच मलम लावलं, मीच गरम पाण्याची पिशवी घेतली. प्रकाश म्हणाले, “धक्का बसलाय. चार दिवसांत जाईल.” मलाही तेच ऐकायचं होतं.

शाळेत गेले. मुली सरावाला थांबल्या होत्या. एक नवी मुलगी खो मिळाल्यावर उठताना टाच टेकवत होती. तिला दाखवायला मी तिच्या जागी बसले. आयुष्यात हजारो वेळा बसले असेन. बसले ती बसलेच. डावा पाय माझा नाहीच असं वाटलं. मी हात टेकून उठायचा प्रयत्न केला आणि मातीत तोंडावर पडले. मुली आधी हसल्या. मॅडम गंमत करतायत असं वाटलं त्यांना. मग एकदम धावत आल्या.

मिरज

मिरजेच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पायात थोडी जान परत आली होती. म्हणून मी प्रकाशच्या खांद्यावर हात ठेवून जिना चढून डॉक्टरांच्या खोलीपर्यंत गेले. एक्स-रे झाला. डॉक्टर वयाने माझ्याहून लहान होते. त्यांनी फिल्म दिव्यासमोर धरून निरखली. मग म्हणाले,

“तुम्ही इथं कशा आलात?”

“गाडीनं.”

“तसं नाही. या खोलीत?”

“चालत. जिन्यानं.”

त्यांनी फिल्म खाली ठेवली. “ताई, आता या खुर्चीतून उठायचं नाही. स्ट्रेचर येईल.”

मग त्यांनी मला दाखवलं. पावाच्या लादीतला एकच पाव कुणी वरून दाबावा तसा तो मणका दिसत होता. त्याचा एक तुकडा मागे, मज्जारज्जूच्या बाजूला सरकला होता. किती सरकलाय ते एमआरआयमध्ये कळणार होतं. “अपघाताला किती दिवस झाले?” त्यांनी विचारलं. प्रकाशनी सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “त्या दिवशी कुणी फोटो काढला नाही?”

कुणी काढला नव्हता. विमानतळावरच्या डॉक्टरने ‘काही त्रास?’ विचारलं तेव्हा मी कोपरं दाखवली होती.

खुर्चीत बसल्या बसल्या मला एवढंच वाटलं की थोड्या वेळापूर्वी मी जिना चढले आणि आता मला संडासलाही जाऊ देणार नाहीत. पाठ तीच होती. बदललं होतं ते एवढंच की आता आम्हाला कळलं होतं.

यंत्रात

विमानात न वाटलेली भीती मला एमआरआयच्या यंत्रात भेटली.

आत सरकवलं, डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर पांढरं छत आलं आणि आवाज सुरू झाला. तोच खरवडल्याचा आवाज. माझ्या डोक्याला माहीत होतं की हे मिरज आहे. शरीराला माहीत नव्हतं. हातात दिलेला रबरी फुगा मी दाबला आणि दाबतच राहिले. त्यांनी बाहेर काढलं तेव्हा माझा गाऊन घामाने भिजला होता. मी तंत्रज्ञाला म्हणाले, “मला जमणार नाही.” मी असं वाक्य माझ्या मुलींना कधी बोलू देत नाही.

प्रकाश दारात उभे होते. त्यांना काय करावं ते कळेना. ते म्हणाले, “अगं, थोडाच वेळ आहे.” ते मलाही माहीत होतं.

त्यांच्या मागून आत्या आत आल्या. त्यांनी तंत्रज्ञाला विचारलं, “हिच्याजवळ कुनी थांबलं तर चालंल का?”

“चालेल आजी. पण अंगावर धातूचं काही नको. त्या पाटल्या काढाव्या लागतील.”

पाटल्या आत्यांच्या हातात माझ्या लग्नाआधीपासून होत्या. मनगट जाड झालं होतं, त्या निघत नव्हत्या. आत्या बाहेरच्या बेसिनपाशी गेल्या, हाताला साबण फासला आणि ओढून काढल्या. परत आल्या तेव्हा हाताच्या उलट्या बाजूची कातडी लाल झाली होती. त्या यंत्राच्या तोंडाशी स्टुलावर बसल्या आणि माझा घोटा दोन्ही हातांनी धरला. आवाज सुरू झाल्यावर मला त्यांचं बोलणं ऐकू येणं शक्य नव्हतं. घोट्यावरची पकड तेवढी कळत होती. मी तिच्याकडे लक्ष ठेवलं. फोटो नीट आले.

पडून

ऑपरेशन झालं. मणक्याला वरून-खालून स्क्रू आणि पट्ट्यांचा आधार दिला. त्याबद्दल मला फार सांगता येणार नाही, मी झोपलेली होते.

नंतरचे दिवस मात्र सगळे आठवतात. सकाळी फिनेलचा वास आला की दिवस सुरू. मग वॉर्डातल्या दोन मावश्या यायच्या आणि चादरीसकट मला लाकडाच्या ओंडक्यासारखं एका कुशीवर वळवायच्या. स्वतःहून वळायचं नाही, हा पहिला नियम. भांडं घ्यायचं, पुसून घ्यायचं, वेणी घालून घ्यायची. पहिल्या दिवशी लाज वाटली, दुसऱ्या दिवशी कमी, नंतर ती कुठे गेली कळलं नाही. आयुष्यभर मुलींना ‘स्वतःचं स्वतः उठा’ सांगणारी मी, मावशी वेळेवर आल्या की मला सणासारखं वाटायचं. डॉक्टर रोज पायाच्या अंगठ्याशी यायचे. “वर उचला.” उजवा उचलायचा. डावा विचार करायचा. ज्या दिवशी तो जरासा हलला, त्या दिवशी डॉक्टरांनी ‘छान’ म्हटलं नाही, फक्त पुन्हा उचलायला सांगितलं. पुन्हाही हलला.

प्रकाश भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, “किरकोळ आहे. होईल बरी.” एकदा माझ्या मुख्याध्यापिका बाई गेल्यावर मी म्हणाले, “अहो, किरकोळ म्हणू नका.”

“मग काय म्हणू?”

“मणका मोडलाय म्हणा.”

ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, “आई म्हणत होती आगगाडीनं जातो. मीच ऐकलं नाही.”

“तिकिटं काढल्यानं चाक मोडतं होय?”

“ते कळतं गं मला.” एवढंच बोलून ते खाली औषधं आणायला गेले. औषधं सगळी टेबलावरच होती.

आत्या गप्प

घरी आणलं तेव्हा माझ्या अंगावर पाठीचा जाड पट्टा होता. कासवासारखी मी. आत्या गावी परत गेल्या नाहीत. त्यांनी माझं सगळं केलं : अंघोळ, जेवण, पट्टा बांधणं, सोडणं. पण त्या आत्या नव्हत्या. एक शब्द वाकडा बोलायच्या नाहीत. भाजीत मी मीठ जास्त झालंय म्हटलं तर “व्हय बाई, चुकलं माजं” म्हणून वाटी उचलायच्या. विमानाची गोष्ट त्यांनी बंद केली होती. कुणी विचारलं तर पदर सावरत आत जायच्या. जेवण अर्ध्यावर सोडायच्या. त्यांची चोळी सैल दिसायला लागली. मला वाटलं, दमल्या असतील.

एक दिवस माझी पाठ पुसताना टाक्यांच्या खुणेपाशी त्यांचा हात थांबला.

“माज्या वज्झ्यानं झालं हे,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“म्या तुज्या पाटीवर पडले. तवाच मोडलं. आन् म्या मुडदी लोकांना हसत सांगत बसले.”

मी म्हणाले, “आत्या, विमान आपटलं तेव्हाच कळ आली होती मला.”

“तू तसंच म्हननार.”

पुढच्या तपासणीला मी त्यांना मुद्दाम सोबत नेलं आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, बसलेल्या माणसाला खालून धक्का बसला की मणका असाच दबतो, विमान आदळताना हेच झालं असणार. आत्यांनी विचारलं, “असनार, का झालंच?” डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, “आजी, मी तिथं नव्हतो. पण मला असंच वाटतं.”

रिक्षात आत्या म्हणाल्या, “माझं मन राखाया बोलला. चांगला हाय डाक्टर.”

मला राग आला, खरं सांगते. मला माझ्या पायाचं, माझ्या नोकरीचं पडलं होतं. समोरच्या दुकानाचं शटर ओढलं तरी माझे हात गार पडत होते. त्यात यांचं ओझं कुठे घेऊ, असं वाटायचं. मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

गुरुजींचा फोन

मग एका दुपारी प्रकाशच्या फोनवर कदम गुरुजींचा फोन आला. प्रकाशनी सांगितलं, “हिचं ऑपरेशन झालं, मणक्याचं.” प्रकाशनी फोन माझ्याकडे दिला.

“ताई, कुठला मणका?” गुरुजींनी विचारलं.

मी सांगितलं.

“माझाही तोच,” ते म्हणाले. “तुमच्याइतका नाही पिचला, ऑपरेशन वाचलं. पण पट्टा लावून पडलोय. आज उठून बसायची परवानगी मिळाली, म्हटलं आपल्या लाइनीतल्या माणसांची चौकशी करावी. आजी बऱ्या आहेत ना?”

मी आत्यांना हाक मारली. फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणाले, “गुरुजी, हे आत्यांना सांगा.”

गुरुजींनी पुन्हा सगळं सांगितलं. आत्या पलंगाच्या कडेला बसून ऐकत होत्या. मग फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन मोठ्याने म्हणाल्या,

“आवं गुरुजी, तुमच्या अंगावर कोन पडलं हुतं?”

“माझ्या? कुणी नाही. मी पहिलाच उतरलो. खाली अग्निशमनवाल्यानं हाताला धरून अलगद उभं केलं.”

“कुनीच न्हाई पडलं?”

“कुणीच नाही आजी. ते विमान दुसऱ्यांदा आपटलं ना, तेव्हाच माझ्या पाठीत कट् झालं. तुम्हाला काही झालं नाही, हेच नवल आहे.”

आत्यांनी फोन दोन्ही हातांत धरला. मग त्यांनी विचारलं, “तुमचं कोन करतंय?”

“सून करते.”

“तिला म्हनावं, पट्टा बांधताना आतनं सुती कापड घाल. न्हाईतर घामानं कातडं सोलतंय.”

फोन ठेवल्यावर त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आल्या. डोळे सुजले होते. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “आज व्यायाम केलास का? सकाळधरनं बगतीया, नुसती पडून हाईस.”

त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

आता

डाव्या पायाचा अंगठा अजून आळशी आहे. सूर मारून दाखवणं मला आता या जन्मी जमणार नाही. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून, शिट्टी तोंडात धरून शिकवते. सुरुवातीला वाईट वाटलं. मग लक्षात आलं की स्वतः धावत असताना मला नऊच्या नऊ मुली एकदम कधी दिसल्याच नव्हत्या.

अपघातानंतर आपल्याला काही लागलेलं नाही असं ज्यांना वाटतं त्यांना दोन गोष्टी सांगते. पहिली, दुखत असेल तर त्याच दिवशी फोटो काढून घ्या, चालता येत असलं तरी. दुसरी, भीती उशिरा येते. ती आली की घरच्यांना सांगा. मी लपवली. ती लपली नाही.

पट्टा सुटल्यावर आत्यांना गावी सोडायला मी एसटीने निघाले. प्रकाश गाडी करू म्हणत होते, मीच नको म्हटलं. सवय करायची होती. विट्यापर्यंत ठीक गेलं. पुढे एका वळणावर ट्रॅक्टर आडवा आला, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, गाडी कडेच्या खडीवरून खरडत थांबली. कुणाला काही झालं नाही. गाडी पुन्हा चालू लागली. माझा श्वास चालू होईना.

“आत्या, मला उतरायचंय.”

“हितं? हितं काय हाय?”

“मला उतरायचंय.”

आत्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कंडक्टरला ओरडून म्हणाल्या, “ए दादा, थांबीव गाडी. आमाला उतराचं हाय.” कंडक्टर म्हणाला, “आजी, हितं स्टॉप न्हाई.” आत्या म्हणाल्या, “मग आता झाला म्हन.”

आम्ही एका फाट्याच्या अलीकडे उतरलो. बाभळीखाली सिमेंटचा एक पाइप पडला होता, त्यावर मी बसले. माझे पाय थरथरत होते. दोन्ही पाय, डावाही. आत्या पिशव्या खाली ठेवून माझ्याशेजारी बसल्या आणि बोलू लागल्या. उन्हाला नावं ठेवली, कंडक्टरला ठेवली, ट्रॅक्टरवाल्याच्या सात पिढ्यांना ठेवली. “आन् तू! सांगलीत व्हय म्हनली असतीस तर परकाशनं गाडी आनली असती की. पन न्हाई. खेळाडू ना तुमी.”

मी म्हणाले, “लय भीती वाटली आत्या.”

“वाटनारच,” त्या म्हणाल्या. “मला बी वाटली. पन मला उतरायचं म्हनाया सुचलं न्हाई.”

पुढची गाडी यायला बराच वेळ लागला. ती दिसली तेव्हा आत्यांनी विचारलं, “हात करू, का अजून यक जाऊंदे?”

मी पायांकडे पाहिलं. थरथर कमी झाली होती, थांबली नव्हती.

“करा,” मी म्हणाले.

आत्या रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.